चौथी केबल

मी अक्षरं गिरवली ती जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. छापलेल्या शब्दाची जबाबदारी घ्यायची, एवढं एकच आमच्या घरी शिकवलं गेलं. म्हणून लोणावळ्यातल्या आमच्या पत्रकं काढणाऱ्या छोट्या कार्यालयात पुसलेलं नाव परत आलं, तेव्हा मला आधी राग आला. भीती नंतर वाटली.

नाव एका मावशीचं होतं. वलवणच्या वरच्या वाडीतली, बाजारात रानभाज्या विकणारी. एका बंगल्याच्या कुंपणाने वाडीची झऱ्याची वाट अडवली, त्याबद्दल तिने आमच्या पत्रकासाठी जबानी दिली होती. चार दिवसांनी स्वतःच आली.

"नाव काढ गं माझं. पोरगा त्याच बंगल्यावर कामाला लागलाय."

मी तिच्यासमोरच नाव खोडून 'वाडीतली एक बाई' असं टाइप केलं.

"पुसलं?"

"पुसलं, मावशी."

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर नाव जागच्या जागी. पुन्हा पुसलं. चहा पिऊन आले. पुन्हा होतं.

आमच्या फायली कपाटावरच्या सर्व्हरवर असतात. तिन्ही टेबलांवरचे संगणक केबलने त्या तिथूनच उघडतात. मी थेट शेजारच्या टेबलावरच्या भाऊंवर घसरले. कार्यालयातले सगळ्यात जुने तेच.

"नाव गाळणं तुम्हाला पटलं नव्हतं. तुम्हीच परत घालताय."

"बये, तुझ्या पत्रकाला हात लावायचा तर मी चिमटा आणीन," ते म्हणाले आणि त्यांनी आपल्या संगणकाची केबल उपटून माझ्या हातात दिली. तिसऱ्या टेबलाचीही काढली. मी नाव पुसलं, फाइल बंद केली, आणि आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बसलो. दहा मिनिटांनी उघडली.

नाव होतं.

"मावशी बरी आहे ना?" भाऊंनी विचारलं. चेष्टाच होती, पण ते हसले नाहीत.

मग त्यांनी सर्व्हरवरच्या नोंदी वाचल्या. एकाने उघडलेल्या फाइलवर दुसऱ्याला लिहू न देणारं एक कुलूप असतं. गेल्या महिन्यात वीज गेली, तेव्हापासून ते सुरूच झालं नव्हतं. म्हणजे एकाच फाइलवर दोघांना लिहिता येत होतं. पण दुसरं कोण?

मी सर्व्हरच्या मागे डोकावले. केबली चार होत्या. चौथी पत्रकांच्या गठ्ठ्यांमागून मागच्या खोलीत गेली होती. तिथे जुना संगणक घरघरत होता. स्क्रीन काळी, तिच्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी : वीज वाचवा, स्क्रीन बंद करा. मी ती चालू केली. जबानी उघडी होती, गेल्या आठवड्यात मीच इथे बसून टाइप केली तशीच्या तशी. दर दहा मिनिटांनी ती आपोआप सेव्ह होत होती, माझ्या दुरुस्तीवर.

भाऊ दारात उभे होते. ती चिठ्ठी त्यांनीही वाचली.

फाइल बंद केली, कुलूप सुरू केलं, तासभर थांबून खात्री केली आणि बाजारात गेले.

"मावशी, काल पुसलं म्हणाले. पुसलं नव्हतं."

भाजीची जुडी बांधता बांधता तिचे हात थांबले. "कुनी वाचलं?"

"आम्ही दोघांनीच."

"आन् आता?"

"आता खरंच नाही."

"तवा बी आसंच म्हनली हुतीस," ती म्हणाली आणि दोरा आवळला.

पत्रक छापलं, वाटलं. त्यात नाव नव्हतं. तरी अजून कार्यालयात शिरले की मी आधी मागच्या खोलीत जाते आणि त्या संगणकावर हात ठेवते. गार असतो. थोडा वेळ हात तसाच ठेवते.