लपलेल्या खाणी

भोकरदनच्या एसटीत केदारखेड्याला एक मामा माझ्या शेजारी येऊन बसले. हातात नारळ होता. तळहातावरचा नारळ उभा राहिला की बोअरची जागा दाखवणारे पाणाडे होते ते. गाडी खड्ड्यातून उसळली, तरी त्यांचा हात हलत नव्हता.

मांडीवरचे कागद बघून त्यांनी विचारले, "सर, काय लिहून राह्यले?"

भोकरदनच्या एका कॉलेजात माझे व्याख्यान होते. वसाहतींच्या काळात परमुलखातल्या चांदीच्या खाणी जेझुइट पाद्री चालवत होते का, हा विषय. मी तसे सांगितले.

"मंग? चालवत व्हते का?"

"खाणींना धान्य विकल्याच्या नोंदी आहेत, मामा. पण त्यांच्या स्वतःच्या खाणींचा पुरावा सापडत नाही."

"मंग व्हत्याच!" मामा खूश झाले. "लपवल्या असतेल. माझं बी तसंच. मी दाखवलेल्या लई बोअरला पाणी लागलं न्हाई. लोक खवळतेत. पण पाणी हाय तिथंच, दडून बसलंय."

मला हसू आले आणि लगेच घाम फुटला. माझ्या व्याख्यानाचा शेवट हाच होता. 'पुरावा सापडत नाही, कारण तो नष्ट केला गेला.' खरे सांगतो, टाळ्या पडतील म्हणूनच ते वाक्य लिहिले होते. मी ते गिरगटून खोडले. आता व्याख्यानाला शेवटच उरला नाही.

मामा कागदावर वाकले. खोडलेले काही वाचता येईना, तसा त्यांनी माझा खांदा थोपटला.

"बराबर केलं सर. आता ते बी लपलं. लोक बिलकुल खरं मानतेल."