प्रवाळांसाठी चुन्याची निवळी

लग्नानंतर महिनाभरातच माझा नवरा बोटीवर रुजू झाला. मालवाहू जहाजावर तो इंजिनीअर होता आणि एकदा गेला की आठ-नऊ महिने घरी यायचा नाही. हे मला आधी सांगितलेलं होतं. सांगितलं नव्हतं ते आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये, बाहेरच्या खोलीत लोखंडी स्टँडवर उभं होतं. तीन फूट लांब काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, केशरी-पांढरे दोन मासे आणि दगडांवर बसवलेली जिवंत प्रवाळं. एक होतं झाडाच्या फांद्यांसारखं. दुसरं हिरवट, गोल, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचं. नवऱ्याने ती मुंबईतल्या एका दुकानातून एकेक करून आणलेली आणि त्यांच्यावर त्याचा माझ्यापेक्षा जुना जीव होता.

निघताना त्याने टाकीशेजारी भिंतीवर सूचनांचा कागद चिकटवला. ट्यूब किती तास लावायच्या, उन्हाळ्यात बर्फाची पिशवी कशी सोडायची, आणि परदेशी बाटलीतलं औषध रोज एक झाकण. प्रवाळं पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःचा सांगाडा बांधतात, समुद्रात ते संपत नाही, टाकीत संपतं, म्हणून ते वरून घालावं लागतं, एवढं त्याने मला समजावलं. त्याच्या आईला काही समजावलं नाही. तिला आवड नाही, म्हणाला.

सासूबाई निवृत्त शिक्षिका होत्या. वागायला वाईट मुळीच नव्हत्या, पण आम्हा दोघींना एकमेकींशी काय बोलावं हेच कळायचं नाही. भाजी कुठली करायची, दूध आलं का, की संपलं. मी सकाळी मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात जायचे. तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. संध्याकाळी आले की सासूबाई टीव्हीसमोर आणि मी टाकीसमोर.

तिसऱ्या महिन्यात पहिली बाटली संपली. दुसरी उघडली तर झाकण सैल राहून आतलं सगळं दगडासारखं घट्ट झालेलं. दुकानात ती मिळेना. नवऱ्याला पत्र लिहिलं, पण त्याचं उत्तर कुठल्या बंदरावरून कधी येणार याचा नेम नव्हता. इकडे मेंदूसारख्या प्रवाळाची कड फिकट व्हायला लागली.

मग मी टाकीचं पाणी जॅमच्या रिकाम्या बाटलीत भरून डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेलं. बॉयलरच्या पाण्याची तपासणी माझ्याकडेच असायची, त्याच पद्धतीने हे तपासलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे चारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आमच्यात अडीचशे निघालं. माझे साहेब मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. हा कुठला बॉयलर, त्यांनी विचारलं. घरचा, म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलेलं, पण ते खुर्ची ओढून बसले. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब सोडायचं. घाई केली तर सगळं बिघडेल, असं त्यांनी दोनदा बजावलं.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं, म्हणजे स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. त्या जेवणानंतरचं पान लावत होत्या. हातातली चुन्याची डबी तशीच धरून म्हणाल्या, "अगं, मग ही चुन्याची निवळी झाली. तुझ्या नवऱ्याला दात येत नव्हते तेव्हा वर्षभर दुधातून दिलीय मी."

त्यानंतर त्या अर्धा तास बोलत होत्या. नवऱ्याचे दात, त्याचे वाकडे पाय, चुना कसा भिजवायचा, कुठल्या भांड्यात ठेवायचा. लग्न झाल्यापासून इतकं बोलणं आमच्यात झालं नव्हतं.

डबीतला चुना चालणार नाही, त्यात वास असतो, हे त्यांनीच ठरवलं. कल्याणच्या बाजारात शिंपल्या भाजून केलेला साधा खायचा चुना मिळतो म्हणाल्या. रविवारी आम्ही दोघी गेलो. पानाच्या सामानाच्या घाऊक दुकानात त्यांनी दोन किलो मागितला. दुकानदाराने विचारलं, टपरी कुठे टाकताय? सासूबाई शांतपणे म्हणाल्या की टपरी नाही, घरी पोवळी आहेत, त्यांना द्यायचाय. चुन्याने पोवळी उजळतात का, आपल्याही अंगठीत पोवळं आहे, असं तो बोट पुढे करून गंभीरपणे विचारायला लागला. आम्ही कशाबशा दुकानाबाहेर आलो आणि रिक्षा स्टँडपर्यंत हसत होतो.

थेंबथेंब सोडायचा प्रश्न औषधाच्या दुकानाने सोडवला. सलाईनची नळी आणली, निवळीची बाटली भिंतीवरच्या खिळ्याला उलटी टांगली, आणि रोज सकाळी नळीवरचं चाक फिरवून थेंब मोजून लावायला लागलो. दार उघडं असलं की जिन्यातून बाटली दिसायची. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू शहाळं घेऊन आल्या आणि सासूबाईंना धडधाकट उभ्या पाहून जरा हिरमुसल्या.

दोन महिन्यांत पाणी चारशेच्या जवळ आलं. मेंदूच्या कडेला नखाएवढी नवी फिकी रेघ वाढली. सासूबाई ती रोज चष्मा लावून पाहायच्या. टीव्ही मागे पडला.

मग माझ्या बहिणीचं लग्न आलं. मी दोन दिवस नाशिकला गेले. परत आले तर टाकी ताकासारखी पांढरी. सासूबाई समोर स्टुलावर बसलेल्या. सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

उकाडा फार होता, प्रवाळं मिटून बसली होती. त्यांना वाटलं भूक लागली असेल. त्यांनी चाक पूर्ण सोडलं आणि आख्खी बाटली तासाभरात आत गेली.

"मी मारलं गं त्यांना," त्या म्हणाल्या. "त्याला आता काय सांगू?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या स्टुलावर इतक्या लहान दिसत होत्या की तो गिळला. मी खालच्या पीसीओवरून साहेबांच्या घरी फोन लावला. चुन्याचा जोर मारायला व्हिनेगर पाण्यात मिसळून अगदी थोडं थोडं घाला आणि जमेल तितकं पाणी बदला, ते म्हणाले. व्हिनेगर मिळालं. खारं पाणी बनवायचं मीठ मात्र जेमतेम अर्ध्या बादलीपुरतं उरलेलं.

दुसऱ्या दिवशी आमची मासेवाली आली. ठाण्याच्या कोळीवाड्यातली, आठवड्यातून दोनदा बिल्डिंगमध्ये यायची. सासूबाईंनी मासे घेतले नाहीत, हे पहिल्यांदाच घडत होतं. तिने टोपली खाली ठेवली आणि आत येऊन टाकी पाहिली. एक मासा तळाशी मरून पडला होता. फांद्यांचं प्रवाळ पांढरंफटक झालेलं. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. खाडीचं पाणी चालणार नाही, त्यात गाळ असतो, हे तिने न विचारताच सांगितलं. तिच्या भावाची बोट बाहेर समुद्रात जायची.

"खोल दर्यातलं आनते," ती म्हणाली. "तुमी रडू नका, काकू. दर्याचा जीव चिवट असतो."

दोनच दिवसांत ती आणि तिचा भाऊ दोन मोठे कॅन घेऊन आले. पाणी इतकं स्वच्छ होतं की मला क्षणभर नळाचं वाटलं. आम्ही चौघांनी मिळून निम्मी टाकी बदलली. मग भावाने मेंदूकडे बोट दाखवून विचारलं, हे खायचं असतं का? सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि प्रवाळ म्हणजे काय ते चौथीच्या वर्गाला शिकवावं तसं शिकवलं.

फांद्यांचं प्रवाळ गेलंच. मेंदू मात्र गळून गेला नाही, नुसता आक्रसून राहिला. तीन दिवस, चार दिवस. मी आशा सोडली होती. पाचव्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला आणि साहेबांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. सासूबाईंनी आजवर मला कारखान्यात कधी फोन केला नव्हता. पलीकडून पीसीओतल्या गोंगाटात त्यांचा आवाज आला, "फुललंय. पूर्ण फुललंय. तू लवकर ये." एवढं बोलून फोन ठेवला. साहेबांनी मला चारलाच सोडलं.

नवरा आला तेव्हा सलाईन पाहून दारातच थबकला. त्याला सगळं सांगितलं, बाटलीभर निवळीचं प्रकरणसुद्धा. ते सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, मान वर करून. फांद्यांच्या प्रवाळासाठी तो हळहळला, मग काचेला नाक लावून मेंदूची नवी कड पाहायला लागला. त्याने बॅगेतून परदेशी औषधाच्या सहा बाटल्या काढल्या. सासूबाईंनी एक उघडून वास घेतला आणि ठीक आहे, असू दे, म्हणाल्या. पुढच्या वेळी जाताना त्याने भिंतीवर कागद लावला नाही. उलट सासूबाईंनीच त्याला सकाळी किती थेंब पडायला हवेत ते दाखवलं.

पाच-सहा वर्षांनी आम्ही ठाण्याला मोठ्या जागेत गेलो. सामान टेम्पोत भरलं. मी ड्रायव्हरशेजारी बसा म्हटलं तरी सासूबाई ऐकेनात. त्या मागे गाद्यांच्या वळकट्यांवर बसल्या, मांडीत झाकणाची बादली, बादलीत मेंदू. प्रत्येक गतिरोधकाला त्या मागून टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारायच्या आणि ड्रायव्हर बिचारा वेग कमी करायचा.