बावीसवरची रिंग

"काका, ह्याला काय झालाय बघा ना!"

दिनेशने नवाकोरा डिजिटल कॅमेरा माझ्यापुढे धरला. पूर्णगडला माझ्या पुतणीचं, सायलीचं लग्न. मंगलाष्टकं सुरू झालेली आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एरर.

रत्नागिरीत सव्वीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ. पण सख्ख्या धाकट्या भावाने लग्नाच्या फोटोंची ऑर्डर दिली दिनेशला. मला म्हणाला, "दादा, तू घरचा. पंगतीत बस. आता डिजिटलचा जमाना." पंगत म्हणे! माझा नुसता जळफळाट झाला. तरी माझा रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी गेलोच.

दिनेशच्या नव्या लेन्समध्ये सकाळी किनाऱ्यावर वाळू गेली होती. म्हणून त्याने रोलच्या काळातली जुनी लेन्स लावली. आमचे दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे. कंपनीने डिजिटल काढला तरी माउंट, म्हणजे लेन्स जिथे फिरवून बसवतात ते कडं, तेच ठेवलं. जुनी लेन्स टक्कन बसते. मात्र तिच्यावरची, उजेड कमी-जास्त करायची रिंग बावीस आकड्यावर लॉक करावी लागते, नाहीतर नवा कॅमेरा क्लिकच करत नाही.

हे मला पाठ होतं. तो कॅमेरा घ्यायचा म्हणून त्याचं माहितीपत्रक मी वर्षभर उशाशी ठेवलेलं. घेतला दिनेशने.

"बॅटरी काढून परत घाल," मी म्हटलं.

तो बिचारा काढघाल करत बसला. मी नवा रोल भरला, पण डोळे त्याच्या घामाघूम तोंडावर. काय बरं वाटत होतं, सांगू! अंतरपाट खाली आला, सायलीने मान वर केली, हार पडले. मी धडाधड क्लिक मारले.

भाऊ धावत आला. "दादा, त्याचा बंद पडलाय. तुझ्याकडे आला ना सगळा?"

"आला म्हणजे? रोलवर आहे!"

मी ऐटीत लिव्हर ओढला. ओढताना वरचा रिवाइंडचा नॉब फिरला, तरच रोल पुढे सरकतोय असं समजायचं. नॉब ढिम्म. रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं, म्हणजे एकही फोटो आला नव्हता. नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी हेच बघायला सांगायचो.

मी गुपचूप दिनेशकडे गेलो आणि त्याच्या लेन्सची रिंग बावीसवर आणली. क्लिक झालं.

"काका, तुम्हाला म्हायत होता?"

"आत्ता आठवलं."

हार पुन्हा घालायला लावले, फोटो काढले. सायली हसली, पण कॅमेऱ्याकडे बघून. अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही. "तुम्ही दोघं होतात ना, काका? मग तो फोटो कसा नाही?" ती अजून विचारते.

रोल भरताना आपल्या नॉबकडे बघावं. दुसऱ्याच्या घामाकडे नाही.