गिबचे चार स्क्रू

कड्यांचा दुसरा डबाही परत आला तेव्हा मोठी जेवत होती. चष्मे तपासायच्या उपकरणात बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कड्या त्या. चिठ्ठीत एवढंच होतं की कडी गोल नाही, काच बसत नाही. अर्धं ताट तसंच ठेवून ती जिना उतरून तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये गेली.

थोरली सून म्हणून घरात तिला सगळे मोठी म्हणत. नवरा आणि दीर बाहेरची कामं आणायचे. धातू कोरणारं छोटं सीएनसी मिलिंग मशीन मात्र तिचं. मशीनचं टेबल ज्या खाचेतून सरकतं तिच्या बाजूला एक लांबट पट्टी असते, तिला गिब म्हणतात. तिचे चार स्क्रू जास्त आवळले तर टेबल अडखळतं, सैल सोडले तर डुलतं, आणि डुललं की गोल कडीचं अंडं होतं. यातली नेमकी मधली जागा मोठीला बोटांनी कळायची. वीज बंद करायची, टेबलाचं चाक हाताने फिरवायचं आणि पुरेसं जड लागलं की थांबायचं. बारा वर्षं तिचं असंच चाललं होतं.

कड्या मोजून डब्यात भरायचं काम धाकट्या जावेकडे होतं. केसभर हालचालही काट्यावर दाखवणारं एक मापयंत्र कपाटात पडून होतं. तिने मागे एकदा सुचवलं होतं, "ताई, डायल गेज लावून बघू या का?"

"ज्याच्या हातात काही नाही त्याने काटे बघावेत," मोठी म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं, तेही डब्यांकडे बघत.

पुढचे तीन दिवस मोठीच्या जिवाला चैन नव्हती. सकाळी खाच पुसून तेल घालायची, दुपारी स्क्रू सैल करायची, संध्याकाळी पुन्हा आवळायची. आधी तिने तेलाला बोल लावला, मग कटरला, मग वीजवाल्यांना. रोज नवी कडी, आणि रोज अंडं.

तिसऱ्या दिवशी ती खाच पुसत असताना धाकटी म्हणाली, "ताई, फडक्याला रक्त लागलंय."

"तेल असेल."

"तेल लाल कधीपासून यायला लागलं?"

मोठीने हात उलटा करून पाहिला. धातूच्या किसाने तर्जनीला चांगली चीर गेली होती. तिला पत्ताच नव्हता. ती स्टुलावर बसली.

"दुखत नाही?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"कधीपासून असं?"

मोठीच्या तोंडावर आलं होतं की आजच. पण ती म्हणाली, "उन्हाळ्यात मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या."

"आणि कुणाला बोलला नाहीत."

"बोलून काय? बोटं गेली तर माझं इथे काय राहिलं?"

धाकटीने बोटाला पट्टी बांधली, कपाटातून डायल गेज काढलं आणि टेबलाच्या कडेला टेकवलं. "तुम्ही स्क्रूची किल्ली धरा. मी टेबल हलवते, काटाही बघते."

डाव्या टोकाला टेबल पुढे-मागे दाबलं तर काटा सात घरं हलला. उजवीकडे ढिम्म.

"मला दोन्ही टोकं सारखीच लागली होती," मोठी म्हणाली.

उजवीकडचे स्क्रू सोडायचे, डावीकडचे केसभर आवळायचे, मग स्क्रू जागेवर धरणारी वरची नटं घट्ट करायची. नटं घट्ट केली की माप पुन्हा बिघडायचं.

"आता किती?"

"थांबा."

"आता?"

"ताई, काटा थांबू तरी द्या."

दोन तास गेले. दोन्हीकडे काटा दोनच्या आत आला आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता सरकलं. मग पहिली कडी काढली. धाकटीने ती तीन बाजूंनी मोजली आणि मान डोलावली. गोल होती.

मनगटात शीर दाबली गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे हात गळ्यात अडकवून मोठी वर्कशॉपमध्ये येरझाऱ्या घालत राहिली आणि धाकटीच्या पाठीमागे उभं राहून सूचना करत राहिली, इतकं की एकदा दिराने तिला हात जोडून वर पाठवलं. अंगठ्यात आणि तर्जनीत थोडी जाणीव परत आली. मधलं बोट अजून बधिरच आहे.

आता दर सोमवारी गेज लागतं. धाकटीने काटा वाचण्याआधी मोठी चाक फिरवून आपला अंदाज सांगते. परवा ती म्हणाली, "दोन."

"चार," धाकटी म्हणाली.

मोठीने किल्ली उचलली.