वाळुंज सरांची टेप आणि सुरेखाची उडी

एका उडीची खरी किंमत सांगतो. भंगारातली लोखंडी कांब, तिच्या टोकांना जुने ब्रेक ड्रम, वेल्डिंगची अर्धी सकाळ आणि चारचौघांत मारलेली माझी एक बढाई. पहिल्या तीन गोष्टी माझ्या आळेफाट्याच्या गॅरेजात पडूनच होत्या. चौथी सोडताना जीवावर आलं.

वाळुंज सरांची पहिली भेटही गॅरेजातलीच. त्यांची स्कूटर थांबायच्या आत मी आवाजावरून सांगितलं, "क्लचप्लेट गेली."

सर हसले. "कान चांगलाय राव तुमचा. पोरीची उडी ऐकलीय कदी?"

माझी सुरेखा त्यांच्याकडे लांब उडी शिकत होती. गुडघा दुखतो म्हणून मी तिचं मैदान बंद करणार होतो आणि ती दोन दिवस जेवली नव्हती.

"उडी आमच्या रक्तातच आहे, सर," मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. "तिच्या वयाचा असताना मी तळेघरचा ओढा एका उडीत पार करायचो. लई मोठा ओढा."

"बरं," एवढंच सर म्हणाले.

मैदानावर मी डोळे मिटून ऐकलं. वाळूत एक 'धप' नव्हे, दोन पडत होते. डावा पाय मागून येत होता. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, हाड ठीक आहे, मांडीत ताकद नाही. सरांनी दोन महिने मागितले. वाळूतल्या उड्या बंद, खांद्यावर कांब घेऊन उठबस.

मी चिडलो. "वजनानं गुडघा जायचा! उड्या मारूनच मोकळी होईल, नव्या इंजिनासारखी."

"इंजिनाचं तुमी बघा, भाऊ. गुडघ्याचं माज्यावर सोडा."

सेवानिवृत्त झालेले सर स्कूटर घरी ठेवून रोज सकाळी एसटीने येत. आधी नुसती कांब. उठबस सरळ झाल्याशिवाय टोकांना ड्रम नाही. मी घाई केली की म्हणत, "ट्रक न्हाई हा." पुढे अर्धा वेळ पुन्हा वाळूत, कारण "ताकद कांबेपाशीच ऱ्हाती. ती उडीत आणायला उड्याच लागत्यात."

दोन महिन्यांनी सुरेखाने उडी मारली. एकच 'धप'. मी टेप पायाच्या खुणेवर धरली. सरांनी ती उचलून मागे, सुरेखाचा हात टेकला होता तिथे ठेवली. "खोटं मोजलं तर उद्या पंच खरं मोजतील, आन् पोरगी रडंल." तरीही उडी आधीपेक्षा वीतभर लांब होती. पण माझं लक्ष टेपकडे नव्हतंच. पोरगी गुडघ्याला हात न लावता उठली, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे, त्यांची एसटी आणि त्यांची टेप अशीच चालत राहोत. शंभरीची उठबस आम्ही मोजायला येऊ.

ती टेप घेऊन सर गेल्या महिन्यात माझ्यासोबत तळेघरला आले होते. ओढा सात फूट भरला.