सनाने भाषणासाठी मलाच निवडलं

मित्रहो, आज मी माझ्याच धड्यात अडकलो.

गेवराईजवळच्या शाळेत मी नववीला मराठी शिकवतो. मुलांना सांगितलं होतं, पाठ केलेलं भाषण नको. ज्याला पटवायचंय तो एकच माणूस समोर धरा, एकच मागणी करा आणि तो जी सबब सांगेल ती आधीच खोडून काढा.

आज सना उभी राहिली. फळगाडेवाल्यांची मुलगी, एरवी मान वर न करणारी. थेट माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, मुलींच्या संडासाला कुलूप हाय. आमी दिवसभर पाणी पीत न्हाई."

तपासणी समिती येईपर्यंत संडास नवा दिसावा, म्हणून मुख्याध्यापकांनी ते कुलूप लावलंय. माझी तात्पुरती नोकरी दरवर्षी त्यांच्याच सहीवर चालते.

"सर म्हणतील, माझ्या हातात काय हाय," सना पुढं बोलली. "पर चावी सरांच्याच ड्रॉवरमधी हाय." खरंच होतं, मुख्याध्यापकांनी ती माझ्याकडंच सांभाळायला दिली होती.

मी घाईघाईनं पैकीच्या पैकी मार्क दिले. ती खाली बसेना. घंटा झाली तरी उभीच.

चावी आत्ता माझ्या खिशात आहे. उद्या पहिला तास नववीचाच. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?