साहेबाने माझ्या बापाला लावलेला शब्द

अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना आणि इकडे अमरावतीत कापसाच्या बैलबंड्या रस्त्यात मावत नव्हत्या. मी मुंबईहून बी.ए. होऊन आलो आणि कापूस खरेदी करणाऱ्या एका इंग्रज साहेबाचा दुभाषी झालो. आमच्या कुळात पाटीला हात लावणारा मी पहिला. त्याचा अभिमान तेव्हा होता, आजही आहे. पण दिवसभर दुसऱ्यांचेच बोलणे इकडून तिकडे करायचे. माझ्याशी म्हणून बाजारात कोणी बोलत नसे.

भाव ठरायचा रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबत. ज्याचा कापूस, तो शेतकरी नुसता बघत उभा.

एके सकाळी मूर्तिजापूरकडची बंडी आली. हाकणारा माझा बाप. दलालाने रुमाल काढताच तो म्हणाला, "फडकं ठेव खाली. भाव तोंडानं सांग, समद्याइले आयकू येऊ दे."

दलाल म्हणाला, "काहून पाटील? पोरगं इंग्रजी शिकलं त तुमी बी साहेब झाले का?"

लोक हसले. पण मागचे बंडीवालेही मग तेच मागू लागले. साहेब लाल होऊन ओरडला, "मिसचीफ-मेकर!"

"काय म्हणते थो?" बापाने मला विचारले.

कोशात अर्थ होता कळलाव्या. इंग्रजी गोष्टींत मी तो शब्द शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणे लावणाऱ्या चुगलखोरांसाठी वाचला होता. मोठ्याने भाव विचारणाऱ्यालाही तो लावतात, हे कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

"कळलाव्या म्हणते तुले," मी सांगितले. मग साहेबाला इंग्रजीत म्हणालो, "हा शब्द इथे चुकीचा आहे. आणि हा माणूस माझा बाप आहे."

ही बंडी घ्यायची नाही, असे साहेबाने हातानेच दाखवले. त्याला दुभाषी लागला नाही.

बापाने बैल जुंपले. "अकोल्याले नेतो."

"मी येतो संगं."

"तुले थ्यानं काढलं का?"

"नाई."

"मंग राय. एवढा शिकला थो बंडी हाकाले का?"

साहेबाने मला खरेच काढले नाही. इंग्रजी येणारा दुसरा त्याला मिळत नव्हता. कचेरीतले कारकून मात्र दुपारी माझ्याजवळ बसून भाकरीचे फडके सोडेनासे झाले. बापाचा कापूस अकोल्यात विकला गेला, हे पुढे गावच्या एका बंडीवाल्याने जाता जाता सांगितले. भाव तोंडाने सांगितला का, एवढेच मला विचारायचे होते. तोवर त्याची बंडी गर्दीत शिरली होती.